बंदूक चोरीला गेली, तर गप्प बसायचं?

एटीएम कार्ड हरवलं की आपण आधी बँकेत फोन करतो. मोबाइल चोरीला गेला तर सिम बंद करायला धावतो. कारण सरळ आहे. आपल्या नावावरच्या वस्तूचा कुणी गैरवापर केला, तर निस्तरावं आपल्यालाच लागतं. मग परवान्याची बंदूक चोरीला गेली, तर पोलिसांना कळवणं मालकाला बंधनकारक असावं की नाही? ‘हा काय प्रश्न झाला?’ असं तुम्ही म्हणाल. पण अमेरिकेत यावर कित्येक वर्षं वाद चालू आहे.

तिथे बंदुकांच्या दुकानदाराने माल चोरीला गेला तर ४८ तासांत कळवायचं, असा केंद्राचा कायदा आहे. सामान्य मालकाला मात्र देशभर लागू असा नियमच नाही. ज्या त्या राज्याची वेगळी तऱ्हा. कॅलिफोर्नियात २०१७ पासून पाच दिवसांची मुदत आहे, व्हर्जिनियात २०२० पासून ४८ तासांची. टेक्सासमध्ये कळवलं नाही तरी चालतं! आणि २०१७ ते २०२१ या पाच वर्षांत तिथल्या खासगी मालकांच्या दहा लाखांहून जास्त बंदुका चोरीला गेल्याची नोंद आहे. न कळवलेल्या किती, ते देवच जाणे.

मैत्रिणींनो, हा विषय आपल्यापासून लांबचा वाटतो ना? पण सिंधुदुर्ग, रत्नागिरीकडे जाऊन बघा. माकडं आणि रानडुकरं शेती-बागायतीची धूळधाण करतात, म्हणून कितीतरी घरांत शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते. कुठे ठासणीची, कुठे काडतुसाची. निवडणूक आली की ती पोलिसांकडे जमा करायची आणि नंतर परत आणायची, हे तिथल्या बायकांना पाठ असतं.

आपल्या कायद्यात याचं उत्तर आहे. शस्त्र परवान्याच्या अटींमध्येच लिहिलेलं असतं, की शस्त्र किंवा काडतुसं हरवली वा चोरीला गेली, तर विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात कळवायचं. अट मोडली तर परवाना रद्द होऊ शकतो, शिक्षाही होऊ शकते. पण नियम कागदावर असणं वेगळं आणि माणसाने तो पाळणं वेगळं.

बचत गटाच्या कामानिमित्त माझं कोकणातल्या एका गावात जाणं-येणं असतं. तिथल्या एका वहिनींच्या मांगरातून बंदूक गेली. घरातल्या पुरुषमंडळींनी ठरवलं, बोलायचं नाही. ‘लायसन जाईल, हेलपाटे मागे लागतील.’ आठवडा तसाच गेला. वहिनी मला म्हणाल्या, ‘‘ताई, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नव्हता. त्या बंदुकीनं कुणाचं काही बरंवाईट झालं, तर पाप कुणाच्या माथी?’’ शेवटी त्यांनीच हट्ट धरला, तेव्हा दीर ठाण्यात गेले. पोलिसांचा पहिला प्रश्न होता, ‘‘इतके दिवस काय करत होता?’’

या प्रश्नातच सगळं आलं. बंदुकीवर नंबर असतो आणि तो परवान्यावर लिहिलेला असतो. वेळेवर नोंद झाली, तर पुढे ती कुठे सापडली की ती चोरीची आहे हे लगेच कळतं. उशीर झाला, तर संशय मालकावरच येतो. दुसरी गोष्ट, कळवायचं बंधनच नसेल, तर कुणीही बंदूक गुपचूप विकेल आणि प्रकरण अंगाशी आलं की ‘ती केव्हाच चोरीला गेली’ म्हणून हात वर करेल.

विरोध करणारे म्हणतात, ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाच शिक्षा, हा कुठला न्याय? मुद्दा अगदीच फेटाळण्यासारखा नाही. पण शिक्षा चोरी झाल्याची नसते, ती लपवल्याची असते. मुदतही चोरी लक्षात आल्यापासून मोजावी. आपल्याकडे ‘उशीर न करता’ एवढंच म्हटलंय. मला वाटतं, तिथे स्पष्ट २४ तास लिहावेत. म्हणजे ‘उद्या बघू’ला जागा उरणार नाही. मात्र जो स्वतःहून वेळेवर येतो, त्याला ठाण्यात गुन्हेगारासारखं वागवू नये. नाहीतर लोक येणारच नाहीत.

नुसतं कळवून सगळं टळतं, असंही नाही. २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका सरकारी अधिकाऱ्याच्या गाडीतून पिस्तूल चोरीला गेलं. त्याने ते कळवलंही होतं. तरी चारच दिवसांत त्याच पिस्तुलाच्या गोळीने एका तरुणीचा जीव गेला. म्हणून आधी कुलूप, मग तक्रार. दोन्ही हवंच.

घरात शस्त्र असेल तर काही गोष्टी आपणही करू शकतो. परवान्याची झेरॉक्स आणि बंदुकीचा नंबर आपल्याजवळ ठेवा. बंदूक आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपात ठेवा. चोरी झालीच, तर परवाना नवऱ्याच्या नावावर असला तरी तक्रार तुम्हीही देऊ शकता. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. आणि परवानाधारक वारला, तर बंदूक ‘त्यांची आठवण’ म्हणून माळ्यावर ठेवू नका. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. वारसाला नंतर स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो.

बंदूक पुरुषाच्या नावावर असते हे खरं, पण ती ज्या घरात असते ते घर आपलंही आहे. तेव्हा ‘बायकांना त्यातलं काय कळतं’ म्हणणाऱ्याला खुशाल विचारा, ‘‘कपाटाची किल्ली कुठे आहे?’’