डिजिटल रिलेचे कान आणि हात

मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी रावेर-यावल भागातील केळीच्या बागेचा पंप दोन-तीन दिवस बंद राहिला, तर बागाईतदाराचे वर्षाचे उत्पन्न धोक्यात येते. त्यामुळे फीडर ‘ट्रिप’ झाला की गावातून पहिली विचारणा होते ती वीज केव्हा येणार, अशी. फीडर बंद करण्याचा निर्णय कोणी व कशावरून घेतला, हे सहसा विचारले जात नाही. हा निर्णय घेणारे उपकरण म्हणजे उपकेंद्रातील संरक्षक रिले होय.

पूर्वीच्या रिलेत प्रवाह वाढला की चकती फिरून संपर्क जुळत असे. आजचा डिजिटल रिले प्रवाह व दाब मोजून आकडेमोड करतो. तथापि ब्रेकर उघडा आहे की बंद, रोहित्रात वायू साचला आहे काय, हे त्याला बाहेरून येणाऱ्या तारांवरूनच कळते. या तारा जेथे जोडल्या जातात ते इनपुट म्हणजे रिलेचे कान, आणि ज्यांतून तो हुकूम देतो ते आउटपुट म्हणजे त्याचे हात. कोणत्या तारेचा अर्थ काय, हे मात्र माणसानेच रिलेत लिहून ठेवावयाचे असते.

ब्रेकरची स्थिती कळविण्यास एकच संपर्क पुरत नाही. ती तार तुटली, तर चालू ब्रेकरही ‘उघडा’ दिसेल, आणि दूरच्या नियंत्रण कक्षातील कर्मचाऱ्याची समजूत होईल की वाहिनी मृत आहे. खांबावर चढणाऱ्या लाइनमनच्या जिवाशी हा खेळ ठरतो. म्हणून परस्परविरुद्ध असे दोन संपर्क जोडतात. ब्रेकर स्थिरावल्यावरही दोन्हींनी एकच उत्तर दिले, तर रिलेने धोक्याची सूचना द्यावी अशी व्यवस्था करतात. (अर्थात पडद्यावरील खुणेवर विसंबून कोणीही वाहिनीला हात लावू नये, आयसोलेटर उघडणे, वाहिनी मृत असल्याची चाचणी घेणे, अर्थिंग करणे व रीतसर परमिट घेणे यांना पर्याय नाही.)

इनपुट किती व्होल्टला जागा व्हावा, हेही ठरवावे लागते. उपकेंद्राच्या बॅटरीचे दोन्ही ध्रुव सामान्यतः जमिनीपासून अलग असतात. ११० व्होल्टच्या संचात प्रत्येक ध्रुव जमिनीच्या तुलनेने सुमारे ५५ व्होल्टवर असतो. पावसाळ्यात इनपुटची तार ओल्या पेटीत जमिनीला लागली, तर संपर्क न जुळताही इनपुटवर हे ५५ व्होल्ट येऊ शकतात. मर्यादा त्याहून पुरेशी वर नसेल, तर काही दोष नसताना रोहित्र बंद पडेल आणि कारण शोधता शोधता दिवस जाईल. शिवाय संपर्क जुळताना क्षणभर थरथरतो, म्हणून काही मिलिसेकंद थांबून खात्री केली जाते. लांब केबलमध्ये शेजारच्या तारांतून प्रत्यावर्ती दाब येत असल्यास ही वाट एका आवर्तनापर्यंत, म्हणजे २० मिलिसेकंदांपर्यंत वाढवितात. मात्र तेवढाच वेळ पुढच्या कारवाईतून वजा होतो.

रोहित्राच्या बुखोल्झ रिलेतून दोन तारा येतात. एक वायू हळूहळू साचल्याची सूचना देते, तर दुसरी गंभीर दोषाची. या दोन्हींची अदलाबदल झाली, तर किरकोळ वायूने पुरवठा खंडित होतो, आणि खऱ्या दोषाच्या वेळी केवळ घंटा वाजते.

आउटपुटची गोष्ट निराळी आहे. ट्रिप कॉइलचा प्रवाह तोडण्याचे काम ब्रेकरच्या साहाय्यक संपर्काचे आहे, रिलेच्या नाजूक संपर्काचे नव्हे. त्यामुळे ट्रिपचा हुकूम ब्रेकर उघडून कॉइलचा प्रवाह तुटेपर्यंत टिकला पाहिजे. अन्यथा ठिणगीने रिलेचा संपर्कच जळतो. एक आउटपुट रिलेच्या स्वतःच्या प्रकृतीसाठी राखतात. रिले ठीक असेपर्यंत तो संपर्क उघडा राहतो. रिले बिघडला किंवा त्याचा पुरवठा गेला, की तो आपोआप मिटून घंटा वाजते.

धुळे जिल्ह्यात या जोडणीला आणखी एक पदर आहे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्या आहेत, आणि शिवाजीनगर येथे १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. अशा निर्मितीकेंद्रांना जोडलेल्या वाहिनीत वीज दोन्ही टोकांकडून येऊ शकते. म्हणून एका टोकाचा ब्रेकर उघडल्याने वाहिनी मृत झाली असे मानता येत नाही, आणि तो पुन्हा जोडण्यापूर्वी पलीकडच्या दाबाची खबर रिलेला मिळावी लागते.

रिले बसविताना प्रत्येक संपर्क प्रत्यक्ष हलवून पाहणे, हा या कामातील सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग होय. केवळ नकाशावर खूण करून तो उरकता येत नाही. पुढे ब्रेकर बदलला किंवा वायरिंगला हात लागला, की हीच तपासणी पुन्हा करावी लागते.

कोणता इनपुट केव्हा बदलला आणि कोणता हुकूम केव्हा सुटला, याची मिलिसेकंदापर्यंतची नोंद रिले ठेवतो. वारंवार वीज जात असल्याची तक्रार करताना ग्रामपंचायतीने प्रत्येक खंडाची तारीख व वेळ लिहून दिली, तर उपकेंद्रातील अभियंत्यास ती या नोंदीशी ताडून पाहता येते.