पेटीजवळ रात्री कोण येऊन गेलं?

मांघरपाठोपाठ मधाचं गाव म्हणून पुढे आलेल्या भुदरगड तालुक्यातल्या पाटगावात सातेरी मधमाशीच्या पेट्या परसात, बांधावर, झाडाखाली दिसतात. मागे राधानगरीचं जंगल. त्यामुळे पेटीकडे पाहुणे येणारच. कोण आलं होतं हे ओळखता आलं, की पुढचा बंदोबस्त सोपा होतो.

पेटी लांब पडलेली, चौकटी मोडलेल्या, पोळी चावून टाकलेली आणि जमिनीवर लांब नखांचे ओरखडे दिसले तर ते अस्वल. त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून, लांब ओठांचा चंबू करून ते वाळवी ओढून घेतं, तसाच मधही. पण त्याला नुसता मध नको असतो. अळ्यांनी भरलेली पोळीही ते खातं, कारण त्यात प्रथिनं असतात. म्हणून मध काढून घेतलेली पेटीसुद्धा सुरक्षित नसते. पोळ्यांचे तुकडे पेटीजवळ टाकू नयेत, वास दूरवर जातो. जंगलाच्या कडेची पेटी रात्री उघड्यावर न ठेवता घराजवळ आणणं बरं. मात्र ती थोडीशीच सरकवली तर बाहेरून परतणाऱ्या माश्या जुन्याच जागी घिरट्या घालतात. त्यामुळे जागा पहिल्यापासूनच विचार करून निवडावी.

गवा पेटीसाठी येत नाही. वाटेत आली तर धक्का लागतो, एवढंच. त्याची जाण्यायेण्याची वाट सोडून पेटी ठेवावी. माकडं झाकण काढतात, त्यावर दगड किंवा दोरी पुरते.

खरं नुकसान करणारे पाहुणे मात्र लहान असतात, आणि त्यांच्याकडेच आपलं लक्ष कमी जातं. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या नसतील तर मुंग्या चढतात. कमजोर वसाहतीत मेणपतंग अंडी घालतो, त्याच्या अळ्या पोळ्यात जाळी विणतात. असा त्रास वाढला की सातेरी पेटीच सोडून जाते.

पावसाळा सरला की गांधीलमाशी दारापाशी घिरट्या घालते आणि येणाऱ्या माश्या उचलते. पेटीचं दार अरुंद करावं. सातेरीची स्वतःची युक्ती विलक्षण आहे: शेकडो माश्या शत्रूभोवती घट्ट गोळा होतात आणि उडण्याचे स्नायू थरथरवून उष्णता निर्माण करतात. सातेरीच्याच जातीच्या जपानी माश्यांवर १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोळ्यातलं तापमान ४७ अंशांच्या आसपास गेलेलं आढळलं. गांधीलमाशी त्यात मरते, मधमाशी थोडी जास्त उष्णता सोसते म्हणून वाचते.

एक प्राणी मात्र पेटीपासून दूर राहतो. आजरा-चंदगडकडे पिकांत येणाऱ्या हत्तीला डोळ्यांभोवती आणि सोंडेच्या आत होणारा दंश नकोसा असतो. केनियात तारेला टांगलेल्या पेट्यांचं कुंपण वापरतात. हत्तीने तार ढकलली की पेट्या हलतात आणि माश्या बाहेर पडतात. खादी आयोगाने मार्च २०२१ मध्ये कर्नाटकातल्या कोडगूत हत्तींच्या वाटांवर पेट्या मांडण्याचा प्रयोग सुरू केला. आपल्याकडे तो करताना दोन गोष्टी पाहाव्या लागतील: हत्ती पिकात बहुधा रात्री शिरतात, तेव्हा माश्या पेटीत असतात, आणि केनियातल्या आफ्रिकन माशीपेक्षा सातेरी खूपच शांत आहे.