गुणपत्रिकेत नसलेला पऱ्या

जलजीवन योजनेत घरोघरी नळाचा शब्द 2019 साली दिला, मुदत 2024 ची. ती 2028 वर ढकलली गेली. तोटी कोरडी म्हणून दाद मागायला जावे, तर मार्च 2022 पासून जिल्हा परिषदेत वर्षानुवर्षे प्रशासक होता. निवडून दिलेला माणूसच नव्हता, भांडायचे कुणाशी?

1962 साली जिल्हा परिषदा आल्या. पुढची तीन-चार दशके विहीर, हापसा, टँकर यांतच गेली. त्यांच्यावर शाई घालवत नाही.

2000 साली मात्र वारे फिरले. योजना गावाने मागायची, दहा टक्के लोकवर्गणी भरायची, चालवायचीही गावानेच, असा शासन निर्णय झाला. त्याच सुमारास आर. आर. (आबा) पाटलांचे संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आले. 2003 नंतर जलस्वराज्य प्रकल्प. त्याच्या गावातल्या पाणी समितीत निम्म्या बाया. काल हंडा वाहणारी आज पासबुक मागून बघू लागली. ग्रामसभेला खरीच गर्दी व्हायची. ती धमक पुन्हा दिसली नाही.

पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे औद्योगिक वसाहतीच्या पंचक्रोशीत त्या दशकाला दुसरी बाजू होती. अभियानाची तपासणी समिती यायची, शोषखड्डा बघायची, पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरचा डबा उघडायची, पोरांची नखेसुद्धा तपासायची. खाली कारखान्यांचे सांडपाणी मिसळलेला पऱ्या, म्हणजे ओढा, वाहत असायचा. गुणपत्रिकेत त्याला रकाना नव्हता. हागणदारी गावाची, म्हणून पहाटे शिट्ट्या फुंकणारी पथके. रसायन वसाहतीचे, म्हणून हाताची घडी. वसाहत एमआयडीसीची, सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अखत्यारीत, आणि ग्रामपंचायतीकडे काय? ठराव. जवळच्या कोतवली गावच्या भोयांनी दाभोळ खाडीतले मेलेले मासे दाखवले, तरी ठरावाची पोच तेवढी मिळायची.

माधव गाडगीळांच्या पश्चिम घाट समितीने 2011 च्या अहवालात लोट्याचे हे दुखणे मांडले. ऑगस्ट 2007 ते ऑक्टोबर 2009 या काळात जिल्ह्यात 191 दिवस जमावबंदी होती, हेही त्यातच नोंदले आहे. म्हणजे एका हाताने लोकसहभागाचे फलक लावायचे आणि दुसऱ्या हाताने लोक जमले की आदेश काढायचा. सरकारने तो अहवाल पुढे बाजूलाच ठेवला, हे कोकणाने पाहिलेच.

आता जलजीवनमध्ये गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचे किट देऊन शिकवायचे ठरले आहे. चांगलेच आहे. पण कारखान्याच्या सांडपाण्याचा, कोर्टात टिकेल असा नमुना घ्यायचा तर प्रदूषण मंडळाचाच माणूस लागतो. तो येईतो ओहोटी लागून खाडीतले ते पाणी समुद्राला मिळालेले असते.