इनाम, बोली आणि करार : खेळाडूचे मोल कोण ठरवते?

व्यावसायिक खेळात खेळाडूचा मोबदला मुख्यतः तीन रीतींनी ठरतो : जिंकल्यावर हाती पडणारे इनाम, लिलावात लागणारी बोली आणि दोन्ही पक्षांनी समोरासमोर बसून केलेला करार. यांपैकी इनामाची रीत नांदेड आणि लातूर जिल्ह्यांना जत्रेतल्या कुस्तीच्या फडामुळे पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. बोलीची रीत आयपीएल आणि प्रो कबड्डीमुळे गावोगावी पोहोचली आहे. कराराची रीत मात्र, जिचे सर्वांत परिपक्व रूप अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये दिसते, या भागाला अजून अपरिचित आहे. खेळातला पैसा वाढत असताना त्यातला किती वाटा प्रत्यक्ष खेळणाऱ्याला मिळतो, हे समजून घेण्यासाठी या तिन्ही रीतींची तुलना उपयुक्त ठरते.

कुस्तीच्या फडात जोड कोणाशी लावायची आणि इनाम किती ठेवायचे हे यात्रेची पंचकमिटी ठरवते. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेपासून लहान गावच्या उरुसापर्यंत ही पद्धत सारखीच आहे. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार याच मातीतून पुढे आले. १९६९ साली लातूरमध्येच झालेल्या स्पर्धेत ते महाराष्ट्र केसरी ठरले आणि १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात नांदेडचे प्रतिनिधित्व करणाऱ्या शिवराज राक्षे याने हाच किताब जिंकला, तेव्हा मानाच्या गदेबरोबर एक मोटार आणि ५ लाख रुपये रोख देण्यात आले. इनामाची रक्कम अशी वाढत गेली असली, तरी तिचे स्वरूप बदललेले नाही. ती देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते, एकालाच मिळते आणि वर्षभराच्या खुराकाची, तालमीची किंवा दुखापतीच्या काळातील खर्चाची कोणतीही हमी तिच्यात नसते.

लिलावाने या चित्रात मोठा फरक पाडला, हे मान्य करावेच लागेल. प्रो कबड्डीच्या २०१४ मधील पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारला १२ लाख ८० हजार रुपये मिळाले होते. २०२३ मध्ये पवन सेहरावतसाठी तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले, म्हणजे नऊ वर्षांत सर्वोच्च बोली वीसपटीने वाढली. मराठवाड्याच्या दृष्टीने आयपीएलमधील अधिक जवळचे उदाहरण तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकर याचे आहे. २०२२ मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघातील या वेगवान गोलंदाजाची पायाभूत किंमत, म्हणजे जिच्यापासून बोली सुरू होते ती रक्कम, ३० लाख रुपये होती आणि चेन्नईने त्याला दीड कोटीला घेतले. पुढे त्याला मोजक्याच सामन्यांत संधी मिळाली आणि नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात लखनऊने त्याला ३० लाखांना घेतले. तीन वर्षांच्या आत एका तरुण खेळाडूचे मोल एक पंचमांशावर आले.

या चढउताराचा दोष कोणा एका संघाला देता येत नाही, कारण तो लिलावाच्या रचनेतच आहे. बोली लागत असताना खेळाडू टेबलाजवळ नसतो. कोणत्या संघाकडून खेळायचे, किती वर्षांसाठी आणि कोणत्या अटींवर, यांपैकी काहीही तो ठरवत नाही. हंगाम संपल्यावर त्याला ठेवायचे की सोडायचे हा निर्णय संघाचा असतो. उलट लिलावात निवड झाल्यानंतर सबळ कारणाशिवाय माघार घेणाऱ्या खेळाडूवर दोन हंगामांची बंदी येऊ शकते. आयपीएलने २०२५ पासून प्रत्येक सामन्यासाठी साडेसात लाख रुपयांचे मानधन सुरू केले, हे पाऊल स्वागतार्ह होते; पण ती नियामक मंडळाने केलेली घोषणा होती, खेळाडूंच्या प्रतिनिधींशी झालेल्या वाटाघाटीचे ते फलित नव्हते.

एनबीएमध्ये आज दिसणारे वेतनाचे आकडे मराठी वाचकाला अविश्वसनीय वाटावेत असे आहेत. जुलै २०२५ मध्ये शाई गिल्जस-अलेक्झांडर या खेळाडूने चार वर्षांच्या मुदतवाढीचा जो करार केला, त्याची किंमत सुमारे साडेअठ्ठावीस कोटी डॉलर सांगितली गेली. तथापि या आकड्यांमागे सात दशकांची संघटित खटपट आहे. बॉब कूझी यांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये खेळाडूंची संघटना स्थापन झाली. १९६४ मध्ये बोस्टन येथे तारांकित खेळाडूंच्या प्रदर्शनीय सामन्यापूर्वी, निवृत्तिवेतनाचे आश्वासन मिळेपर्यंत मैदानात उतरणार नाही, अशी भूमिका खेळाडूंनी घेतली आणि संघमालकांना ते मान्य करावे लागले. पुढे संघटनेचे अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन यांच्या नावाने १९७० मध्ये न्यायालयात दावा दाखल झाला. १९७६ मध्ये त्यात तडजोड झाली आणि कराराची मुदत संपल्यावर दुसऱ्या संघाशी बोलणी करण्याचा खेळाडूचा मार्ग खुला झाला.

या व्यवस्थेचा पाया सामूहिक करार हा आहे. महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या कामगारांचे वेतन जसे कामगार संघटना, कारखाने आणि शासन यांच्या त्रिपक्षीय समितीत ठरते, तसेच एनबीएत लीग आणि खेळाडूंची संघटना काही वर्षांसाठीचे नियम एकत्र बसून ठरवतात. या कराराचा गाभा असा की, प्रक्षेपण, तिकिटे, जाहिराती इत्यादी मार्गांनी बास्केटबॉलपासून होणाऱ्या उत्पन्नाचा ४९ ते ५१ टक्के वाटा खेळाडूंचा असतो. त्या उत्पन्नावरून दरवर्षी प्रत्येक संघाची वेतनमर्यादा, म्हणजे खेळाडूंच्या वेतनावरील खर्चाची सीमा, निश्चित होते. १९८४-८५ मध्ये ती लागू झाली तेव्हा ३६ लाख डॉलर होती. २०२५-२६ साठी ती सुमारे साडेपंधरा कोटी डॉलर आहे. खेळाडूच्या अनुभवानुसार त्याचे कमाल वेतन या मर्यादेच्या २५, ३० किंवा ३५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते आणि सर्वांत नवख्या खेळाडूसाठीही किमान वेतन ठरलेले असते. म्हणूनच २०२५-२६ पासून अकरा वर्षांसाठी सुमारे ७६ अब्ज डॉलरचे प्रक्षेपण करार झाले, तेव्हा त्या वाढीत खेळाडूंचा वाटा आपोआप ठरलेला होता.

ही व्यवस्था निर्दोष नाही. वाटाघाटी फिसकटल्यामुळे मालकांनी टाळेबंदी केली आणि १९९८-९९ चा हंगाम प्रत्येक संघाला ५० सामन्यांवर, तर २०११-१२ चा हंगाम ६६ सामन्यांवर आटोपावा लागला. २०११ च्या तडजोडीत तर खेळाडूंना आपला पूर्वीचा ५७ टक्क्यांचा वाटा सोडावा लागला. तरीही हरण्याजिंकण्याचा हा झगडा उघडपणे आणि दोन मान्यताप्राप्त पक्षांमध्ये झाला, ही बाब महत्त्वाची आहे.

आयपीएलशी तुलना केली असता अंतर स्पष्ट होते. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले, म्हणजे वर्षाला सरासरी ९,६७८ कोटी. २०२५ च्या हंगामासाठी दहा संघांची एकूण वेतनमर्यादा प्रत्येकी १४६ कोटी या हिशेबाने १,४६० कोटी होते. केवळ प्रक्षेपणाच्या उत्पन्नाशी ताडून पाहिले तरी खेळाडूंचा वाटा सुमारे १५ टक्के भरतो. भारतीय क्रिकेटपटूंची २०१९ मध्ये स्थापन झालेली संघटना निवृत्त खेळाडूंची आहे. सध्या खेळणाऱ्यांच्या वतीने मंडळाशी वेतनाची बोलणी करणारी संघटना भारतात नाही. भारतीय बास्केटबॉलची स्थिती याहून बिकट आहे. २०१५ मध्ये पंजाबच्या सतनाम सिंगची डॅलस मॅव्हरिक्सने निवड केली आणि एनबीएच्या निवडप्रक्रियेत स्थान मिळवणारा तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू ठरला, परंतु देशात दीर्घकाळ टिकणारी व्यावसायिक लीग मात्र उभी राहू शकली नाही.

नांदेड-लातूरच्या पालकांना आणि प्रशिक्षकांना या विवेचनातून घेण्यासारखे बरेच आहे. येथील अनेक कुटुंबांत खेळाचा हिशेब अजून दहावीचे वाढीव गुण आणि शासकीय नोकरीतील ५ टक्के क्रीडा आरक्षण एवढ्यावर थांबतो, आणि एखाद्या मुलामुलीला लीगचे बोलावणे आलेच, तर आनंदाच्या भरात समोर आलेल्या कागदावर सही केली जाते. कराराची मुदत किती, दुखापत झाल्यास वेतन सुरू राहते का, उपचाराचा खर्च कोणाचा, मध्यस्थाचे कमिशन किती आणि जाहिरातीचे हक्क कोणाकडे, हे पाच प्रश्न सहीपूर्वी विचारलेच पाहिजेत, आणि त्यासाठी ओळखीच्या वकिलाचा सल्ला घेण्यात संकोच वाटू नये. तालमींनी आणि जिल्हा क्रीडा संघटनांनी डावपेचांइतकेच याही विषयाचे शिक्षण द्यावे. एनबीएच्या खेळाडूंना आजचे वेतन कोणाच्या औदार्यातून मिळालेले नाही. ते संघटित झाले आणि त्यांनी उत्पन्नातील आपला वाटा मागितला म्हणून ते मिळाले. कुस्ती, कबड्डी आणि क्रिकेट खेळणाऱ्या मराठवाड्याच्या तरुणांनीही आपले मोल ठरवण्याच्या प्रक्रियेत आपली जागा मागितली पाहिजे, आणि या मागणीमागे समाजाने उभे राहिले पाहिजे.