भोंग्यानंतरची शाळा

धोट्यातलं सूत संपलं की विणकर नवी कांडी बसवायचा आणि धाग्याचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून तोंडाने ओढून घ्यायचा. मुंबईच्या गिरण्यांत दिवसभरात हे कितीदा व्हायचं त्याला गणती नव्हती. एकाच्या ओठांना लागलेला धोटा दुसरा आपल्या ओठांना लावणार, म्हणून साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, अस्पृश्य कामगार नको, असं सवर्ण विणकरांचं म्हणणं होतं. साचेखात्यात पगार चांगला. दलित कामगार मात्र कमी पगाराच्या सूतखात्यातच अडकून राहिले. 1928 च्या मोठ्या संपात मालकांनी एका विणकराला दोनऐवजी तीन साचे, म्हणजे माग, चालवायला सांगितले यावरून रान उठलं. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना सुनावलं, की साचेखात्याचं दार आमच्या माणसांना उघडं करण्याची मागणीही तुमच्या यादीत आली पाहिजे.

प्रौढ शिक्षणाच्या लेखात ही हकिगत कशाला, असं कुणी विचारील. कामगाराला शिकवलं की त्याला बरं काम मिळतं, हे आपण इतक्या सहजपणे म्हणतो, की काम मिळण्याचा रस्ता वर्गाबाहेरूनही जातो याचा विसर पडतो. सूतखात्यातल्या माणसाला विणकाम शिकता आलं नसतं असं नाही. ते शिकण्याची जागा साच्यापाशीच होती, आणि तिथे त्याला कुणी उभं करत नव्हतं.

शिक्षणाचा आणि श्रमाचा सांधा जुळवण्याचा विचार महाराष्ट्रात या संपाच्या कितीतरी आधीपासून आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1855 साली पुण्यात आपल्या घरी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी शेतीच्या उपयोगी ज्ञानाची मागणी केली. मुंबईत 1887 मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, आजची व्हीजेटीआय, उघडली ती गिरण्यांना तंत्रज्ञ हवे होते म्हणून. पण तिथे जायला आधीचं शिक्षण लागे. खात्यातला साधा गडी जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाताखाली, शिव्या खात, बघून बघून शिकला.

त्याने शाळेत जावं तरी कधी? प्रौढ शिक्षणाचा इतिहास सहसा शिक्षण खात्याच्या कागदांतून लिहिला जातो. मला तो कारखान्यांच्या कायद्यांतून वाचणं जास्त खरं वाटतं. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 मध्ये मिलहँड्स असोसिएशन उभी केली आणि आठवड्याला एक सुट्टी मागितली. गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळायला 1890 उजाडलं. प्रौढ पुरुषाने दिवसाला किती तास राबावं याला कायद्याने पहिली मर्यादा आली 1911 मध्ये, आणि तीही बारा तासांची. 1922 मध्ये आठवड्याचे साठ तास झाले, 1934 मध्ये चोपन्न, 1946 मध्ये अठ्ठेचाळीस. कामगार पुढारी ना. म. जोशींची सोशल सर्व्हिस लीग 1911 पासून मुंबईच्या कामगार वस्तीत रात्रीचे वर्ग आणि वाचनालयं चालवत होती. त्या वर्गांत पेंगणाऱ्या माणसांची दया यावी इतका दिवस त्यांच्या अंगावरून गेलेला असे. तास उतरले तशी पाटी हातात घ्यायला माणसाला सवड झाली.

1939 मध्ये, बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, मुंबईत साक्षरतेची मोठी मोहीम निघाली. तिच्यातून आलेल्या समितीने पुढची कित्येक वर्षं कामगारांच्या वस्त्यांत अक्षरवर्ग चालवले. याच परंपरेतल्या मुंबई शहर समाज शिक्षण समितीने मार्च 1967 मध्ये वरळीला देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ सुरू केलं. नावात विद्यापीठ असलं तरी पदवी नाही, प्रवेशाला दाखला नाही आणि सर्वांना सारखा अभ्यासक्रमही नाही. त्या काळी युनेस्कोच्या वर्तुळात बहुउद्देशी प्रौढ शिक्षण केंद्राची कल्पना गाजत होती. तिचा भारतातला पहिला प्रयोग करायला गिरणगावाच्या कुशीतली वरळी निवडली गेली, हे योग्यच झालं.

या पद्धतीतली पहिली पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आधी कारखान्यात आणि चाळीत जाऊन विचारायचं, की काम काय करता, कुठे अडतं, कोणत्या पाळीला असता. मग त्या गटापुरता छोटा अभ्यासक्रम बेतायचा. पाळी दर आठवड्याला बदलणाऱ्या माणसाला रोज संध्याकाळची ठरावीक वेळ जमत नाही, त्यामुळे वर्गाची वेळही कामाच्या मागे मागे फिरली पाहिजे.

लेथवर वीस वर्षं काढलेला मिस्त्री घ्या. त्याचा हात इंजिनिअरपेक्षा साफ असतो. लोखंडाच्या आवाजावरून तो सांगतो की हत्याराची धार गेली. पण ड्रॉइंग त्याच्या हातात दिलं की तो शेजारच्या पोराला हाक मारतो. मापातला दशांश त्याला अंदाजाने कळतो, कागदावर कळत नाही. त्याला बाराखडीपासून सुरुवात करायला लावणं म्हणजे त्याचा अपमान, आणि नुसती यंत्राची माहिती देणं म्हणजे त्याला येतं तेच पुन्हा सांगणं. त्याला हवं असतं ड्रॉइंग वाचणं, मायक्रोमीटरवरचं गणित, अपघात टाळण्याचे नियम आणि सोबत पगारपत्रकातली प्रॉव्हिडंट फंडाची ओळ. हे सारं एका धाग्यात ओवायचं, हा बहुउद्देशी शिक्षणाचा गाभा.

वरळीचं केंद्र निघालं त्याच सुमारास युनेस्कोने जागतिक पातळीवर कार्यात्मक साक्षरतेचा प्रयोग आखला होता. 1965 च्या तेहरान परिषदेतून तो निघाला, 1967 ते 1973 या काळात अकरा देशांत चालला, आणि 1976 मध्ये त्याचं परखड मूल्यमापन झालं. शिकणाऱ्याकडे केवळ उत्पादन वाढवणारा हात म्हणून पाहिलं की त्याचा शिकण्यातला रस आटतो, हा त्यातला धडा आजही ताजा आहे. आपल्याकडची शेतकऱ्यांसाठीची साक्षरता योजनाही त्याच काळातली. नव्या संकरित बियाण्यांच्या पाकिटावर आणि खताच्या पोत्यावर छापलेलं वाचता यावं, हा तिचा उघड हेतू होता.

कागदाची किंमतही मान्य करायला हवी. बॉयलर चालवायला 1923 च्या कायद्यापासून सक्षमतेचं प्रमाणपत्र लागतं, वायरमनला सरकारी परवाना लागतो. अशा परीक्षेला बसण्याइतकं वाचायला-लिहायला आलं की पगाराची पायरी चढता येते. इथे शिक्षण आणि रोजगार यांच्यात थेट जिना आहे. बहुतेक कामांत तसा जिनाच नाही. मग प्रमाणपत्र भिंतीवर टांगलं जातं.

हे सर्वांत क्रूरपणे दिसलं ते गिरण्यांच्या बाबतीत. 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यातले असंख्य लोक पुन्हा खात्यात परतलेच नाहीत. 1992 मध्ये केंद्राने राष्ट्रीय नवीकरण निधी उभारला. कामगारांना नवं काम शिकवून दुसऱ्या उद्योगात उभं करणं, हे त्याच्या उद्दिष्टांत होतं. पैसा मुख्यतः गेला तो स्वेच्छानिवृत्तीच्या रकमांवर. पंचेचाळिशीच्या विणकराला काय शिकवायचं, हा प्रश्न अवघड होता हे मान्य. पण शिकवून झाल्यावर त्याला घेणार कोण, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. लालबाग-परळमध्ये पुढे जे रोजगार उभे राहिले ते मॉलमध्ये आणि काचेच्या कचेऱ्यांत. तिथे सुरक्षारक्षकाची नोकरी हीच अनेकांच्या वाट्याला आलेली बढती.

गिरणगावातल्या बायकांनी त्याआधीच एक वेगळी वाट काढली होती, तिच्याकडे अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी पुरेसं पाहिलं नाही. घरात गिरणी कामगारांची खानावळ चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. सावकाराऐवजी बँकेचं कर्ज, त्यासाठी हिशेब, हिशेबासाठी आकडे, असा तो क्रम. धंदा त्यांच्या हातात आधीच होता, त्यामुळे शिकलेलं वापरायला दुसऱ्या दिवशीची वाट पाहावी लागत नव्हती.

वरळीच्या प्रयोगावरून देशभर श्रमिक विद्यापीठं निघाली. 2000 मध्ये त्यांचं नाव जन शिक्षण संस्थान झालं आणि 2018 मध्ये ती शिक्षण खात्याकडून कौशल्य विकास मंत्रालयाकडे गेली. आज तिथे शिवणकाम, ब्युटी पार्लर, विजेची कामं असे अभ्यासक्रम जोरात चालतात. खातं बदलल्याने तास आणि प्रमाणपत्रं यांची शिस्त आली, हे चांगलंच. पगारपत्रक वाचणं, कायदा माहीत असणं, वर्गात दोन प्रश्न विचारणं हे मात्र मोजणीत बसत नाही, आणि जे मोजलं जात नाही ते हळूहळू शिकवलंही जात नाही.

2022 पासून केंद्राचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजे ‘उल्लास’, चालू आहे. त्याच्या पाच घटकांत व्यवसाय कौशल्यही आहे. मार्च 2024 मध्ये महाराष्ट्रात त्याची 150 गुणांची चाचणी झाली. कुठे नातवाने बोट धरून आणलेल्या आजी परीक्षेला बसल्या, त्याचे फोटो छापून आले. पण चाळिशीच्या आतली, घरकाम करणारी बाई ती चाचणी पास झाली तर पुढे? आयटीआयमध्ये शिवणकामाच्या किंवा वायरमनच्या ट्रेडला आठवी लागते. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी आणि आठवीची परीक्षा आहे, बाहेरून दहावीला बसायला सतरा नंबरचा फॉर्म आहे. पायऱ्या सगळ्या आहेत, वेगवेगळ्या खात्यांत आणि वेगवेगळ्या खिडक्यांवर. एकीवरून दुसरीवर कसं जायचं ते तिला सांगणारं माणूस कोणत्याच योजनेत नेमलेलं नाही. उलट, व्यावसायिक वाहन चालवायला आठवी पासची अट होती, ती केंद्राने 2019 मध्ये काढून टाकली. उत्तम केलं. काही दारांना शिक्षणाची किल्ली मुळात लागतच नव्हती.

मुंबईच्या रात्रशाळा अजून टिकून आहेत, दिवसाच्या शाळांच्या उसन्या बाकांवर. 2017 मध्ये एका शासन निर्णयाने दुबार नोकरी करणाऱ्या शिक्षकांच्या सेवा थांबल्या तेव्हा या शाळांना मोठा धक्का बसला. ‘मासूम’सारख्या संस्थेने 2008 पासून या शाळांना हात दिला नसता तर काहींना कुलूप लागलं असतं. शाळा साधारण साडेसहाला भरते आणि साडेनऊच्या सुमारास सुटते. पण काम आता संध्याकाळी संपतंच असं नाही: 2017 च्या दुकानं-आस्थापना कायद्याने दुकानं चोवीस तास उघडी ठेवायची मुभा दिली आहे. जेवण घरपोच करणाऱ्या मुलाला सर्वाधिक ऑर्डरी मिळतात त्या शाळेच्या याच तीन तासांत. त्याच्यासाठी वर्ग दुपारी तीनला भरवायला हवा, आणि त्या वेळी शाळेची इमारत रिकामी नसते.