रानांतली चाकोरी

गेल्या वर्षीं मृगाचा पहिला पाऊस झाला आणि त्याच आठवड्यांत आमच्या लातूरच्या घरीं नवी मोटार आली. चारी चाकांना इंजिनाची ओढ मिळणारी ही गाडी चिखलांतून, दगडधोंड्यांतून व उभ्या चढावरूनहि जाते, हें आमच्या पुतण्यानें पेढे वाटतांनाच सर्वांना सांगितलें. पुढच्या रविवारीं मित्रांना घेऊन तो बाहेर पडला. संध्याकाळीं परत आला तेव्हां गाडीच्या टपापर्यंत चिखल उडालेला आणि मुलांचे चेहरे आनंदानें फुललेले! शहरापासून थोड्या अंतरावर वनखात्याचें माळरान आहे, तेथें दोन तास गाडी फिरविली होती. मोबाईलवरील छायाचित्रें पाहतांना आमच्या मातोश्रींनीं एका चित्रावर बोट ठेवलें. गाडीच्या पुढ्यांत एक टिटवी पंख पसरून ओरडत उभी होती.

"ही भिऊन ओरडत नाहीं रे, तुम्हांला हाकलते आहे. हिचीं अंडीं तिथेंच कुठें तरी असणार."

"आजी, आम्हांला तर कांहीं दिसलें नाहीं."

"दिसूं नयेत अशींच असतात तीं, बाळा."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही पुतण्याला घेऊन तेथें गेलों. गाडी रस्त्यावर ठेवून माळावर पायीं चढलों. अंडीं सांपडलीं नाहींत. तीं चिरडलीं कीं वांचलीं, हें अखेरपर्यंत कळलें नाहीं. चाकांच्या खुणा मात्र स्पष्ट होत्या. ओल्या मातींत वीतभर खोल गेलेल्या दोन रेघा उतारावरून सरळ खालीं गेल्या होत्या व त्यांत गढूळ पाणी सांचलें होतें. यंदाच्या मृगांत पुन्हां जाऊन पाहिलें, तों आजूबाजूस गवताचे कोंब उठलेले आणि त्या दोन रेघा उघड्याच. एकीचा तर पाण्यानें चांगला ओघळ झाला होता. त्या ओघळानेंच आम्हांस हा लेख लिहावयास लावलें.

'चाकोरी' हा शब्द हल्लीं आपण थोडा निंदेनेंच वापरतों. चाकोरीबाहेर जाईल तो कर्तबगार, चाकोरींत राहील तो सामान्य, असा आपला समज. परंतु शब्दाचा मूळ अर्थ गाडीच्या चाकांनीं पडलेली वाट एवढाच आहे. बैलगाडी हांकणारा शेतकरी पिढ्यान् पिढ्या त्याच दोन चाकोऱ्यांतून गाडी नेई, तें त्याला दुसरी वाट सुचत नव्हती म्हणून नव्हे. एक पट्टा कठीण झाला तरी बाकीची जमीन मऊ राहते व पीक देते, हें त्यास पक्कें ठाऊक होतें. आजच्या गाड्यांच्या जाहिराती नेमकें उलट शिकवितात. वाट सोडणें हाच पुरुषार्थ, असें त्यांचें म्हणणें. विचारांच्या प्रांतांत तें खरें असेल; रानांत मात्र चाकोरी हाच धर्म होय.

जमीन म्हणजे मातीचा नुसता ढीग नव्हे. तिच्या कणाकणांमध्यें बारीक पोकळ्या असतात. त्यांतून हवा खेळते, पाणी मुरतें आणि मुळें खालीं उतरतात. दीड-दोन टनांची गाडी ओल्या जमिनीवरून गेली कीं या पोकळ्या दबून बंद होतात. मग पाणी मुरत नाहीं. तें चाकाच्या खोबणींतून वाहूं लागतें व जातांना माती घेऊन जातें. माळावर मुरमावरचा मातीचा थर आधींच पातळ. तो एकदां वाहून गेला म्हणजे पुन्हां जमण्यास माणसाचें आयुष्य पुरत नाहीं. १९४२ सालीं अमेरिकन सेनापति पॅटन यांच्या रणगाड्यांनीं कॅलिफोर्नियांतील मोहावी वाळवंटांत सराव केला. त्यांच्या खुणा अनेक दशकांनंतरहि तेथें दिसत राहिल्या. आपल्याकडे पाऊस अधिक, तेव्हां खूण लवकर बुजेल, असें कोणी म्हणेल. उतारावर ही आशा फोल ठरते, कारण तेथें पाऊसच ती खूण खोल करितो.

टिटवी, चंडोल, तित्तिर हे पक्षी जमिनीवरच अंडीं घालतात. टिटवीनें उंचावर अंडीं घातलीं कीं पाऊस भरपूर, असा आपल्या शेतकऱ्यांचा जुना ठोकताळा आहे. रानांतल्या चिखलाची मौज ज्या दिवसांत, त्याच दिवसांत यांपैकीं पुष्कळ पक्ष्यांची वीण असते, हें आपण विसरतों.

"माळ म्हणजे पडीक जमीन, तेथें काय बिघडणार?" असा प्रश्न आमच्याच घरांत निघाला. त्याचें उत्तर लातूरकरांनीं तरी विसरूं नये. या जिल्ह्यांत वनजमीन शेंकडा एकहि भरत नाहीं; १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीनें तर देशाचा एकतृतीयांश भाग वनाखालीं असावा असें ध्येय ठेविलें आहे. याच लातुरास एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. ज्या जिल्ह्यानें तहानेचे असे दिवस पाहिले, त्यानें पाणी मुरविणारी एक एकर जमीनहि खेळासाठीं तुडवूं नये. नांदेडची स्थिति बरी आहे. किनवट-माहूरच्या बाजूस सागाचीं रानें आहेत, पैनगंगेच्या कांठीं अभयारण्य आहे. रेणुकादेवीच्या दर्शनास जाणाऱ्या आपल्या कुटुंबांना या रानांची ओळख आहेच. परंतु जें थोडेंबहुत उरलें आहे, तेंच आतां गाड्यांनाहि हवेंसें वाटूं लागलें आहे.

सरकारी खातें एकटें हें राखूं शकत नाहीं. एकेका वनरक्षकाच्या वांट्यास केवढें तरी रान येतें. लोकांनीं साथ दिली तर काय होतें, याचें उदाहरण साताऱ्याजवळ आहे. कास पठार २०१२ सालीं पश्चिम घाटांतील इतर स्थळांसह जागतिक वारशाच्या यादींत आलें आणि फुलांच्या दिवसांत तेथें मोटारींची रीघ लागली. आसपासच्या गांवकऱ्यांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांनीं वनखात्याच्या साह्यानें राखण हातीं घेतली. वाहनें दूर उभीं करावयाचीं, शुल्क घ्यावयाचें, दिवसाची माणसें मोजून सोडावयाचीं, असा शिरस्ता त्यांनीं घातला. दुसरें उदाहरण विदर्भांतील आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजीं उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यांत पर्यटकांच्या गाड्यांनीं एका वाघिणीस व तिच्या पांच बछड्यांस अडविलें. त्या प्रसंगाची चित्रफीत लोकांत पसरली, वृत्तपत्रांनीं आवाज उठविला, वनखात्यानें वाहनचालक व मार्गदर्शकांवर कारवाई केली आणि जानेवारी २०२५ मध्यें उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें आपण होऊन दखल घेतली. एका चित्रफितीनें न्यायासन हललें!

कायदा आपल्या बाजूस आहे. राखीव वनांत बेकायदा शिरण्यास १९२७ च्या भारतीय वन कायद्यानें मनाई केली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अभयारण्यांतील प्रवेशावर निर्बंध घातले आहेत. इतकेंच नव्हे, तर साठ दिवसांची नोटीस देऊन कोणाहि नागरिकास न्यायालयांत फिर्याद करण्याची मुभा दिली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें ग्रामसभांना आपलें रान राखण्याचा अधिकार दिला. आणि वनांचें रक्षण हें नागरिकाचें कर्तव्य होय, असें आपली राज्यघटनाच ५१-अ कलमांत सांगते.

तथापि तक्रारींत रागापेक्षां तपशील हवा. जागा, तारीख, वेळ आणि गाडीचा क्रमांक टिपावा. लातूरची गाडी एम. एच. २४, नांदेडची एम. एच. २६, एवढें तर शाळकरी मुलांनाहि ठाऊक असतें. चाकाच्या खुणेशेजारीं आपली वहाण किंवा काठी ठेवून छायाचित्र घ्यावें, म्हणजे खोली कळते. गाडी अडवूं नये, हातघाईवर येऊं नये. प्रथम वनरक्षकास कळवावें, मग विभागाच्या उपवनसंरक्षकांस लेखी अर्ज द्यावा व त्याची पोंच घरीं जपून ठेवावी. चार घरांनीं मिळून सही केली तर अर्जास वजन येतें.

परंतु पहिली तक्रार आपण आपल्याच घरीं करावयाची आहे. आम्हीं पुतण्यास रागें भरलों नाहीं. त्याला तो ओघळ दाखविला, एवढेंच. वनरक्षकाची परवानगी घेऊन तो व त्याचे मित्र परवांच्या रविवारीं पुन्हां तेथें गेले आणि त्यांनीं ओघळांत आडवे दगड रचले. गाडी रस्त्यावरच उभी होती. रस्ता सोडून दोन तास मजेंत गेले होते. तेंच निस्तरण्यास चार तरुणांचा सबंध दिवस खर्ची पडला, तरी निम्मेंच काम झालें.

तो घरीं आला कीं मातोश्री विचारतात, "टिटवी दिसली कां रे?"

"नाहीं आजी, अजून नाहीं," असें तो सांगतो, आणि पुढच्या रविवारची तयारी करूं लागतो.