जुन्या कोडचा भार कोण उचलतं?

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि आपला जुना प्रोग्रॅम चालेनासा झाला, की राग निघतो तो ते लिहिणाऱ्यांवर. ‘होतं तसं ठेवायला यांचं काय जात होतं?’ जुनं जपायला काही लागत नाही, हा या क्षेत्रातला सर्वांत मोठा गैरसमज.

पुष्कळ लागतं. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचंच पाहा. 3 डिसेंबर 2008 ला आलेलं पायथन 3.0 जाणूनबुजून पायथन 2 शी न जुळणारं होतं. पुढे कित्येक वर्षं लायब्ररी लिहिणाऱ्यांनी एकच कोड दोन्हींवर चालता ठेवला. प्रत्येक बदल दोन्हीकडे तपासायचा, आणि नव्या भाषेतली सोय जुनीत नसेल तर तिच्यावर पाणी सोडायचं. यातले अनेकजण नोकरी सांभाळून, बिनमोबदला हे करत होते. फक्त पायथन 3 शिकून आलेल्या नवख्यालाही पहिला बदल पाठवण्याआधी पायथन 2 च्या खोडी शिकाव्या लागत.

मग मोडतोड केलीच कशाला? हौसेपोटी, असं अनेकांना वाटतं. मराठी लिहिणाऱ्याला तरी तसं वाटू नये. पायथन 2 मध्ये साधी स्ट्रिंग म्हणजे नुसते बाइट. यूटीएफ-8 मधल्या ‘मराठी’ची लांबी विचारली की उत्तर यायचं 15. पायथन 3 सांगतं 5: म, र, काना, ठ, वेलांटी. साध्या इंग्रजी मजकुरात दोन्ही आकडे सारखेच निघत, म्हणून दोष लपून राही आणि आपल्या लिपीत उघडा पडे. तो मुळातून काढायचा तर जुनं मोडणं भाग होतं.

पण धाडसाने मोडलं की लोक आपोआप मागे येतात, हेही खरं नाही. पायथन 2.7 चा आधार 2015 मध्ये संपायचा होता. 2014 मध्ये ती मुदत 2020 पर्यंत वाढवावी लागली. पायथन 2 मध्ये युनिकोड, म्हणजे अक्षरांच्या, स्ट्रिंगच्या आधी लिहायचा ‘यू’ 3.0 मध्ये काढून टाकला होता, तो 2012 च्या 3.3 मध्ये परत आणला. नव्या भाषेत त्याचं काहीच काम नव्हतं, पण दोन्हींवर चालणारा कोड लिहिणं सोपं झालं. मला या साऱ्या प्रवासातला हा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

आधार काढला म्हणजे जुन्या वापरकर्त्याला वाऱ्यावर सोडलं, असंही नाही. 2017 मध्ये आयपायथन या पायथनच्या संवादी शेलच्या 6 व्या आवृत्तीने पायथन 2 सोडलं, तरी 5 ची मालिका दुरुस्त्यांसाठी चालू ठेवली. कोणतं पॅकेज कोणत्या पायथनसाठी आहे, हे पॅकेजं बसवणारं पिप 2016 पासून वाचू लागलं होतं. त्यामुळे नवं पिप असलेल्या पायथन 2 वाल्याला नेहमीच्याच आज्ञेने त्याच्याजोगी आवृत्ती मिळे.

जुन्याशी जुळतं ठेवायचं तर सगळंच गोठवावं लागतं, हा समज लिनक्स खोटा ठरवतं. कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर, चालणारे प्रोग्रॅम मोडू द्यायचे नाहीत, हा तिथला कडक नियम. आतले इंटरफेस मात्र बिनदिक्कत बदलतात. बदलणाऱ्यानेच कर्नलमधले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करून द्यायचे. बाहेर ड्रायव्हर ठेवणाऱ्यांची यात फरफट होते, आणि ती जाणीवपूर्वक पत्करलेली आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये ज्या 386 प्रोसेसरवर लिनक्स लिहायला घेतलं, त्याचाही आधार डिसेंबर 2012 मध्ये काढला गेला, कारण त्याच्यापायी कर्नल लिहिणाऱ्यांना जास्तीचं काम पडत होतं.

आपल्यालाही काही करता येतं. एखादी सोय काढण्याआधी पायथन सहसा निदान दोन आवृत्त्या इशारा देतं, पण हे इशारे बऱ्याचदा दडलेले असतात. चाचण्या चालवताना ते उघडे ठेवावेत, आणि अडचण दिसली तर आवृत्ती बीटा असतानाच कळवावी. काढणं पुढे ढकललंही जाऊ शकतं: 2020 च्या 3.9 मधून जायच्या काही जुन्या सोयी आणखी एक आवृत्ती राहिल्या, त्या प्रकल्पांना पायथन 2 सोडायला थोडा अवधी मिळावा म्हणून.